पाच फुटांची दोरी

घरातले वडीलधारे माणूस गेले की भेटायला येणारी मंडळी काय बोलतात, ते ऐकण्यासारखे असते. आजोबा असले तर त्यांची शिस्त निघते. आजी असली तर तिच्या हातची चव. आमची आजी २०१९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेली, तेव्हाही सगळे तिच्या अनारशांविषयी बोलत होते. एवढ्यात तळमजल्यावरच्या काकी डोळे पुसत म्हणाल्या, "अनारसे राहू द्या हो! त्यांची सर्व्हिस कधी कुणाला परतवता आली का?"

बैठकीत क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग आम्ही घरची माणसे हसलो, आणि हसता हसता रडलो.

आजी मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. बॅडमिंटनचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अंमलदारांनी १८७३ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, आणि काही काळ या खेळाला 'पूना' असेच नाव होते. आजीला या इतिहासाशी काही कर्तव्य नव्हते. तिने लहानपणी देवधर भगिनींना खेळताना पाहिले होते, तेवढे तिला पुरे होते. प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पुढे हे गृहस्थ एकशे एक वर्षे जगले. त्यांच्या सुंदर, तारा आणि सुमन या मुलींनी १९४० नंतरच्या दशकात देशातले बॅडमिंटन गाजवले, आणि तेही नऊवारी नेसून! आजी सांगे, "पदर खोचलेला, काष्टा घट्ट, आणि फूल वरून आलं की अशी उसळायची बघ!" शटलला ती शेवटपर्यंत 'फूल'च म्हणत आली.

१९४६ साली लग्न होऊन ती मुलुंडला आली. ट्रंकेत भांडी होती, लुगडी होती आणि लाकडी चौकटीत स्क्रू आवळून ठेवलेली एक रॅकेट होती. आजीच्या सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "लोक हसतील हो." रॅकेट माळ्यावर गेली. चार मुले, दुखणीखुपणी, लग्नकार्ये यांत ती तिथेच राहिली. १९५६ साली सांगलीच्या नंदू नाटेकरांनी मलायात जाऊन स्पर्धा जिंकली, परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, त्या दिवशी आजीने घरात साखर वाटली. तिने साखर का वाटली, हे मात्र कुणी विचारले नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

१९९४ सालची दिवाळीची सुट्टी. मी चौदा वर्षांची. इमारतीच्या अंगणात मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळत होते. आजी जिना उतरून खाली आली. तिच्या हातात ती जुनी रॅकेट होती. "मलाही एक डाव दे गं," ती म्हणाली. तिचे वय अडुसष्ट. मैत्रिणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मी हलक्या आवाजात म्हटले, "आजी, वर जा ना. लोक हसतील."

"बरं," ती म्हणाली आणि वर गेली.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तिला सासूने जे सांगितले, तेच आता नात सांगत होती. सासूला निदान काळाची सबब होती. मी इंग्रजी शाळेत शिकत होते आणि वक्तृत्वस्पर्धेत 'स्त्रीमुक्ती' या विषयावर बक्षीस मिळवून बसले होते!

दुसऱ्या दिवशी पहाटे कसल्याशा ठकठक आवाजाने मला जाग आली. खिडकीतून पाहते तो अंगणात आजी आणि तळमजल्यावरच्या काकी! दोन खांबांना कपड्यांची दोरी बांधलेली. फूल त्या दोरीवरून इकडून तिकडे जात होते. मुलुंड हे गाव १९२२ साली क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी आखले. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. सगळे त्याची वाखाणणी करतात. आजीची मात्र तक्रार होती, की या सरळ रस्त्यांत वाऱ्याला अडवायला काहीच नाही. म्हणून वारा उठायच्या आत खेळायचे. लोक हसतील या भीतीचा त्यात काही संबंध नव्हता. महिन्याभरात तिथे सहा बायका जमू लागल्या आणि दूधवाला थांबून गुण मोजू लागला.

नियमाप्रमाणे जाळी मधोमध पाच फूट हवी. आजीची उंची बरोबर पाच फूट. खांबाशी उभे राहायचे, दोरी डोक्याला टेकली की खिळा ठोकायचा, हे तिचे माप. पण वयाबरोबर माणूस खचते. काही वर्षांनी तिने दुसरा खिळा ठोकला, पहिल्याच्या खाली, पुढे तिसरा. आपण खचलो हे तिला ठाऊक होते की नाही, कोण जाणे. "दोरी बाई फार उंच बांधतात हल्ली," असे ती म्हणे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा तिने खुर्ची टाकली आणि पंचगिरी सुरू केली.

१९ ऑगस्ट २०१६. रिओच्या ऑलिंपिकमधला सिंधूचा अंतिम सामना आम्ही सगळे दूरदर्शन संचासमोर बसून पाहत होतो. पहिला गेम सिंधूने २१-१९ असा घेतला, तेव्हा नव्वदीची आजी खुर्चीतून उठून उभी राहिली. पुढचे दोन्ही गेम कॅरोलिना मारिनने जिंकले. मारिन जमिनीवर पडून रडू लागली आणि हरलेल्या सिंधूने जाऊन तिला मिठी मारली. आजी बराच वेळ पाहत होती. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाली, "हिला कुणी म्हटलं नसेल ना गं, लोक हसतील म्हणून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. बावीस वर्षे मी समजत होते, की ती ते विसरली. मी तिचा हात हातात घेतला. क्षमा मागायला हवी होती, पण शब्द सुचले नाहीत. मराठी शिकवणे हा माझा धंदा, आणि ऐन वेळी मराठीने दगा दिला.

भाऊबीजेला मी दरवर्षी मुलुंडला माहेरी जाते. मध्यंतरी इमारतीला रंग दिला. रंगाऱ्याने खांबावरचे तिन्ही खिळे न काढता त्यांच्यावरूनच कुंचला फिरवला. गेल्या खेपेला माझी अकरा वर्षांची मुलगी त्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिचे डोके मधल्या खिळ्याला लागले.

"आई, वरच्या खिळ्याला दोरी बांध," ती म्हणाली. "मी वाढणार आहे."

मी स्टूल आणायला वर गेले. येताना माळ्यावरची रॅकेटही घेऊन आले. अंगणात शेजारची माणसे उभी होती; ती पाहत होती, आणि बहुधा हसतही होती.