जिताड्याला तिकीट किती?

प्राणिसंग्रहालय लहानच असावं, असं माझं आता ठाम मत झालंय. मोठ्या बागेत पोर चौथ्या पिंजऱ्यापाशी कडेवर येतं, सहाव्यापाशी झोपतं आणि उरलेले सगळे प्राणी आईबापांनी घामाघूम होत, केवळ तिकिटाचे पैसे वसूल करायला बघायचे असतात. सावली हवी, टेकायला कट्टा हवा, प्यायला पाणी आणि बरी मोरी हवी. आणि एकाच प्राण्यापुढे अर्धा तास उभं राहिलं तरी मागून कुणी ‘चला, पुढे चला’ म्हणता कामा नये. प्राणी कितीही कमी असले तरी चालतील.

धरमतरच्या खाडीकाठी, आमच्या पेण-पोयनाडच्या बाजूला, असं काही नाही. फणसाडचं अभयारण्य आहे, मुरूड-रोह्याच्या डोंगरात. जंजिऱ्याच्या नवाबांची ती शिकारीची राखीव रानं, 1986 साली अभयारण्य झाली. पण तिथला शेकरू उंच झाडावर आणि आपल्या मर्जीचा. चार वर्षांच्या मुलाला ‘थांब, दिसेल’ असं किती वेळ सांगणार?

म्हणून मग राणीची बाग. सुट्टीत मुंबईला गेलं की लालबाग-परळच्या नातेवाइकांनी पाहुण्यांना भायखळ्याला न्यायचंच, हा रिवाज दिवाळीच्या फराळाइतका पक्का होता. बाग 1862 ची. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण माझ्या पिढीच्या तोंडी राणीची बागच. 2017 मध्ये तिकीट वाढलं तेव्हा आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांचं मिळून 100 रुपये ठरलं. कुटुंबाच्या या हिशेबात आजी बसत नाही. मी आजी आहे, म्हणून हे मला विशेष लक्षात राहिलं.

तिथल्या सगळ्या प्राण्यांत माझा जीव आहे तो दगडी हत्तीवर. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात तो उभा आहे. हा घारापुरीचा, म्हणजे उरण तालुक्यातला, आपल्या रायगडचा. 1864 च्या सुमारास इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे बागेत आले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. परदेशी जायला इतक्या ठामपणे नकार दिलेला दुसरा हत्ती माझ्या ऐकिवात नाही.

पेंग्विनांना मात्र असा नकार देता आला नाही. हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आले. मूळचे हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहातले. भायखळ्याच्या उकाड्यात त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंशांचा गारवा दिवसरात्र राखावा लागतो. त्यावरून राजकारण झालं ते झालं. मुलं मात्र खूश होतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्या काचेपुढे गार हवेसाठी जरा जास्तच रेंगाळले. पण नात बाहेर येऊन म्हणाली, ‘आजी, आपल्याकडे काय असतं?’ तेव्हा मला आठवला तो जिताडा मासा.

आमच्या खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या पट्ट्यात, घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीत आलेली पिल्लं धरून तळ्यात सोडायची, ती इतर मासे खाऊन वाढतात. साहेबाकडून काम करून घ्यायचं तर जिताडा पोचवावा, असं आमच्याकडे म्हणतात, इतका त्याचा मान. पण मुलांना सांगण्याजोगी खरी गोष्ट पुढे आहे: जिताडा पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. अंडी घालायला त्याला खारं पाणीच लागतं, म्हणून गोड्या तळ्यातला जिताडा कितीही थोराड झाला तरी तिथे त्याचा वंश वाढत नाही. नातीने हे ऐकून विचारलं, ‘मग आधी तो बाबा असतो आणि नंतर आई?’ हो, असंच.

आणि निवटे! खाडीच्या चिखलावर ओहोटीला बांधावरून पाहावं. डोळे डोक्याच्या वर, कल्ल्यांत पाणी धरलेलं, ओल्या कातडीनेही श्वास घेणारा हा मासा पंखांवर रेटत चिखलात चालतो, आणि मादीला दिसावं म्हणून नर उंच उड्या मारतात. बाजूलाच बोटभर खेकडे. त्यांतल्या नराचा एक पंजा अंगाच्या मानाने भलताच मोठा, तो दिवसभर हलवत बसतो. तिवरांच्या मुळांत चिंबोरी, वर बगळे. आमच्या घरी निवट्यांचं कालवण व्हायचं, पण निवटा बसून पाहावा असं कुणाला वाटलं नाही. ताटात आलेल्या प्राण्याकडे आपण सहसा बघत नाही.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाने किनारी जैवविविधता केंद्र उभारलंय. तिथून बोटीने ठाणे खाडीतले रोहित पाहता येतात. तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं, पण गेली काही वर्षं ते बंद आहे. मग धरमतरला, दोनतीन खोल्यांचं का होईना, एक खाडीघर का नको? एका टाकीत जिताडा, एकात चिंबोऱ्या, काचेआड थोडा चिखल आणि निवटे. बाहेर बांधावर लाकडी पायवाट. माहिती सांगायला खाडीत आयुष्य गेलेले कोळी आणि आगरी लोक, पगारावर. बाहेरून आणलेला एकही प्राणी नको, वातानुकूलन नको. समोरून डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या बार्ज जात राहतील. त्याही मुलांना दाखवाव्या, आणि बार्ज गेल्यावर खाडीत काय राहतं हे त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवावी. मला वाटतं, अशी जागा टिकवणं वाघ-सिंह आणण्यापेक्षा अवघड आहे, कारण वाघाला पिंजरा पुरतो, निवट्याला अख्खी खाडी लागते.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. खाडीघराचं उद्‌घाटन करायचं तर मुहूर्त पंचांगातून काढावा लागेल, पण भटजींच्या नव्हे, कोळ्यांच्या हिशेबाने. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला खाडी सगळ्यात जास्त ओसरते, तेव्हा चिखल भरपूर दिसतो, पण तो सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास. दुपारी बाराला पालकमंत्र्यांना बोलावलं तर ते फीत कापतील, भाषण करतील आणि पुढ्यात नुसतं पाणी असेल. तरी फोटो निघतीलच.