जास्वंदीचा धनी कोण?

अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचीं ‘फ्लॉवर्स’ नांवाचीं छापील चित्रें लिलावांत वारंवार येतात, आणि त्यांवर चित्रकार म्हणून एकच नांव पुकारलें जातें. आमचा वाद या एकुलत्या एका नांवाशीं आहे.

गवताच्या काळपट पार्श्वभूमीवर चार सपाट, भडक रंगांचीं फुलें, एवढाच त्या चौकोनांतला ऐवज. फुलें जास्वंदीचीं, आपण गणपतीस वाहतों तींच. पण तीं वॉरहॉलनें कोणत्याहि बागेंत पाहिलेलीं नव्हतीं. पॅट्रिशिया कॉलफील्ड या बाईंनीं टिपलेलें छायाचित्र ‘मॉडर्न फोटोग्राफी’ मासिकाच्या जून १९६४ च्या अंकांत आलें होतें. वॉरहॉलनें तें न विचारतां घेतलें, कातरलें, रंग बदलले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत न्यू यॉर्क येथें लिओ कॅस्टेली यांच्या चित्रशाळेंत त्या फुलांचें प्रदर्शन मांडलें. बाईंनीं १९६६ सालीं फिर्याद केली. ती तडजोडीनें मिटली. पुढें १९७० सालीं दहा चित्रांचा संच २५० प्रतींत निघाला. सही आणि क्रमांक असलेल्या त्याच प्रतींवर आज बोली चढते.

कोणी म्हणेल, ‘कलावंतानें जुन्या वस्तूस नवें रूप दिलें, यांत चोरी कसली?’ नवें रूप दिलें, हें आम्हांस मान्य आहे. साध्या छायाचित्रास त्यानें जो थंड, चकचकीत डौल आणला, तो त्याचाच. परंतु शिंप्यानें झगा कितीहि सुंदर शिवला, तरी कापड विणणाऱ्याचें ऋण फिटत नाहीं.

दुसरी विसंगति याहून मौजेची आहे. रेशमी जाळीवर रंग ओतून रबरी पट्टीनें तो कागदावर उतरवावयाचा, ही रीत मुळांत मुबलक प्रती काढण्याची. तिच्यावर क्रमांक घालून दुर्मिळता निर्माण करावयाची, आणि त्या दुर्मिळतेचे दाम घ्यावयाचे, हा व्यापार आहे. त्यास व्यापारच म्हणावें. ‘संडे बी. मॉर्निंग’ या छापाच्या प्रती निघाल्या, तेव्हां त्यांच्या पाठीवर ‘सही आपली आपणच करा’ अशा अर्थाचा शिक्का होता. आणि त्यांपैकीं कांहींवर खुद्द वॉरहॉलनें हें आपलें काम नव्हे असें लिहून सही केली! परक्याच्या फुलांवर स्वतःचें नांव घालणाऱ्यास स्वतःच्या फुलांपासून तें काढून घ्यावें लागलें, यापरता न्याय कोणता?

मे २०२३ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका छायाचित्रकर्तीच्या, लिन गोल्डस्मिथ यांच्या, बाजूनें सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला. तो गायक प्रिन्स याच्या चित्राविषयीं, आणि तें चित्र एका मासिकास छापावयास देण्यापुरताच होता. तरी मूळ टिपणाऱ्याचा हक्क चित्रकाराच्या कीर्तीखालीं बुडत नाहीं, एवढें त्यानें सांगितलें.

आमची मागणी लहान आहे. चित्र भिंतीवरून उतरवा, असें आम्ही म्हणत नाहीं. लिलावाच्या यादींत वॉरहॉलच्या नांवाखालीं, तितक्याच ठळक अक्षरांत, पॅट्रिशिया कॉलफील्ड हें नांव छापावें. आणि ज्या वाचकांच्या दिवाणखान्यांत या चित्राची स्वस्त नक्कल टांगलेली असेल, त्यांनीं मुलांनीं विचारल्यावर दोन्ही नांवें सांगावींत. त्यास तर दामहि पडत नाहीं.