सेकंड ओपिनियन? आधी फाइल लावा, बॉस!

मोबाइल घ्यायचा तरी आपण चार दुकानं पालथी घालतो आणि आठ मित्रांना पिडतो. पण बाबांची अँजिओग्राफी झाली, ‘बायपास करावी लागेल’ असं डॉक्टर म्हणाले, की आपल्यासारखी स्मार्ट मंडळीही पार गांगरतात. मग ओळखीपाळखी काढून एखाद्या बड्या हार्ट स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळते. आणि तिथे आपण काय नेतो? कॅरीबॅगमध्ये कोंबलेले पन्नास कागद. त्यातली निम्मी केमिस्टची बिलं!

डॉक्टरांकडे असतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्यातली आठ पिशवी उपसण्यात गेली, तर उरलेल्या वेळात मिळेल तो सल्ला नव्हे, अंदाज. शिवाय ‘हे नाही? मग पुन्हा करून घ्या’ हा फेरा आहेच. अँजिओग्राफी पुन्हा म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा डाय आणि किडनीवर पुन्हा ताण. तेव्हा फाइल लावणं हे कारकुनी काम नाही. तो ट्रीटमेंटचाच भाग आहे.

वेळ आहे का?
छातीत कळ, दरदरून घाम, धाप, असं आत्ता चालू असेल तर सेकंड ओपिनियन वगैरे विसरा. १०८ फिरवा, जवळचं हॉस्पिटल गाठा. पण आजार स्थिर असेल, तर सहसा विचार करायला वेळ असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासात ५,१७९ पेशंट होते. त्यात आधी नुसती औषधं देऊन पाहण्याच्या तुलनेत, लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपासकडे वळल्याने मृत्यू आणि हार्ट अटॅकचं एकूण प्रमाण कमी झालं नाही. छातीत दुखणं मात्र जास्त कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक किंवा हृदयाचं पंपिंग फार कमकुवत असलेले पेशंट या अभ्यासात नव्हते, हे विसरू नका. म्हणून पहिल्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, ‘आम्ही किती दिवस थांबू शकतो?’

रिपोर्ट नको, फिल्म हवी
सगळ्यात मोठी गोची इथेच होते. ‘ब्लॉक ८० टक्के’ असं रिपोर्टात छापलेलं असतं, पण हा आकडा बहुतेकदा नजरेने ठरवलेला असतो. दुसऱ्या अनुभवी डॉक्टरांना तोच ब्लॉक ६५ टक्के वाटू शकतो. नुसता रिपोर्ट दाखवलात, तर पहिल्याच मतावर तुम्ही दुसरा शिक्का मारून आणता. म्हणून अँजिओग्राफीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. घरी उघडून बघा. चालते का? नाव बाबांचंच आहे ना? स्क्रीनवरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलू नका, त्यात बारकावे मरतात.

एका पानाचा फंडा
फाइलच्या सगळ्यात वर एकच पान. वय, वजन, डायबेटिस, बीपी. त्रास कधी सुरू झाला, किती चाललं किंवा किती जिने चढले की होतो. आधीचे आजार, ऑपरेशनं, अ‍ॅलर्जी. घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का. सध्याची सगळी औषधं, डोस आणि वेळेसकट. काकूंनी दिलेला काढाही लिहा. आणि हो, बाबांची तंबाखू लपवू नका. इथे इभ्रतीचा नाही, हार्टचा प्रश्न आहे!

त्याखाली तारखेप्रमाणे, नवं वर आणि जुनं खाली:
• डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट
• इको, स्ट्रेस टेस्ट
• ईसीजी, जुनेसुद्धा. आताच्या ईसीजीतला बदल नवा की जुना, हे त्यावरूनच कळतं. ईसीजीचा कागद फिका पडतो, झेरॉक्स काढून ठेवा.
• रक्त: क्रिएटिनिन, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल
• आधी स्टेंट बसवला असेल तर त्याचं कार्ड

बिलं वेगळ्या पाकिटात. डॉक्टरांकडे झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल घरी परत आणा.

‘कागद मिळणार नाहीत’ म्हटलं तर?
टेन्शन नको. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचं असतं. लेखी अर्ज करा, पोच घ्या. आणि ‘डॉक्टर रागावतील’ हा संकोच सोडा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत सेकंड ओपिनियन हा हक्क म्हणूनच आहे. तोपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे मात्र पक्कं.

आत गेल्यावर
प्रश्न तीनच, तेही कागदावर लिहून. औषधं, अँजिओप्लास्टी की बायपास, आणि का? त्याने आयुष्य वाढेल की फक्त त्रास कमी होईल? थांबलो तर धोका काय? दोन डॉक्टरांची मतं वेगळी निघाली, तर आपल्याला आवडलेलं मत उचलू नका. फरक कशामुळे, ते विचारा. कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी मिळून फिल्म पाहावी, असंही म्हणता येतं. शेवटी होकार बाबांनी द्यायचा आहे, तेव्हा आत खुर्चीवर त्यांना बसवा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.