भाऊजींची मोटारसायकल आणि तिरंगा

मैत्रिणींनो, श्रावणात आपल्या हाताला आधीच उसंत नसते आणि त्यातच १५ ऑगस्ट येतो. मुलांचे पांढरे गणवेश, बुटांना पॉलिश, पहाटेचा डबा! गेल्या वर्षी या गडबडीत आमच्या धाकट्या भाऊजींनी मोटारसायकलच्या मागच्या कॅरियरला काठी बांधून तिरंगा लावला आणि माझ्या मुलीला घेऊन गावात फेरी मारायला निघाले. खोटं कशाला सांगू, मला कौतुकच वाटलं.

तासाभरानं दोघं परतली ती गप्प होऊन. पावसानं ओला झालेला झेंडा काठीवरून सुटून मागच्या चाकात गेला होता. चेनचं काळं ग्रीस लागलेलं आणि हिरवा पट्टा चांगला वीतभर फाटलेला. दैव बलवत्तर म्हणून गाडी घसरली नाही. मुलगी म्हणाली, "आई, धुतला तर निघेल का गं?"

शाळेत मुलांना झेंड्याचे रंग शिकवणारी मी, पण याचं उत्तर मला येईना. मग ध्वजसंहिता काढून वाचली. ही संहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. तिच्यात स्पष्टच म्हटलंय की वाहनावर राष्ट्रध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. तोही मोटारीवर, पक्क्या दांडीला. गाडीच्या टपावर, बाजूला किंवा पाठीमागे तो पांघरायचाही नाही. मोटारसायकलसाठी वेगळी सवलत कुठेही नाही.

भाऊजी चिडले. "वहिनी, २०२२ साली दिल्लीत खासदारांनी तिरंगा घेऊन दुचाकी फेरी काढली, ते चालतं?" मी म्हटलं, "भाऊजी, कुणी काय केलं ते राहू द्या. चाकात गेला तो आपल्या घरचा झेंडा." मग ते काही बोलले नाहीत.

आता त्या झेंड्याचं काय करायचं? फाटका, मळका झेंडा पुन्हा फडकवत नाहीत आणि त्याचं फडकं तर मुळीच करायचं नाही, बरं का! कापड चांगलं आहे म्हणून आपला हात कात्रीकडे जातो. तो अख्खाच, खाजगीत, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. आम्ही परसात तसं केलं. भाऊजी चपला काढून उभे राहिले. मुलांचे कागदी झेंडेही केराच्या बादलीत टाकू नका. गोळा करून असेच एका बाजूला मार्गी लावा.

पाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवली, ठाणे, गिरगावात नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या भगिनी आपण पाहतोच. त्यांच्या भगव्या झेंड्याला ही संहिता लागू नाही. पण काठी घट्ट बांधा, कापड चाकापर्यंत पोचणार नाही इतकं आखूड ठेवा, आणि पदरही खोचून घ्या. त्याच काठीवर तिरंगा मात्र लावू नका. एका काठीवर त्याच्यासोबत दुसरा झेंडा चालत नाही.

यंदा भाऊजींनी गच्चीच्या कठड्याला लोखंडी नळी बसवून घेतली आहे. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, तरी आम्ही संध्याकाळी उतरवणार. आमच्याकडे पाऊस तिरपा येतो. उतरवल्यावर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी मधे घड्या घालायच्या, म्हणजे चक्र वर दिसतं.

झेंडा मी घरीच शिवते आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं, म्हणून ३ फूट लांब, २ फूट रुंद. शिवून झाल्यावर प्रत्येक पट्टा ८ इंच भरला पाहिजे, तेव्हा शिवणीचं कापड जास्तीचं धरा. चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. निळ्या दोऱ्यानं भरते आहे, रोज चार आरे. मुलगी शेजारी बसून मोजते; काल सोळा झाले.