जुना पूल पाडण्याआधी एक प्रश्न विचारूया

१५ जून २०२५. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला. चार जीव गेले. मुंबईत १८७९चा हँकॉक पूल २०१६मध्ये पाडावा लागला, १८६८चा कर्नाक पूल २०२२मध्ये. कुठे पूल गेला, कुठे माणसंही गेली. नुकसान आपलंच.

लोखंड एका रात्रीत दगा देत नाही. पाणी तुंबतं, रंग सुटतो, गंजाचे पापुद्रे निघतात, रिव्हेटच्या भोकांपाशी चिरा पडतात. हे वेळीच दिसलं, तर बरंच काही करता येतं.

त्यातला एक उपाय म्हणजे कमजोर गर्डरला कार्बन फायबरच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवणं. पट्टी पोलादापेक्षा कितीतरी हलकी, पण ताण पेलायला दणकट. नवी भोकं पाडायला नकोत, वेल्डिंग नको. जुन्या बिडाला वेल्डिंग सहसा मानवत नाही, तिथे तर हा मोठाच आधार. इंग्लंडमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेल गावचा टिकफर्ड पूल बिडाचा, १८१०चा. १९९९मध्ये त्याला कार्बन फायबरने बळकटी दिली. दोनशे वर्षं उलटून गेलेला हा पूल आजही वाहतूक पेलतोय.

अर्थात, हे पंक्चर काढण्याइतकं सोपं नाही. ग्रिट ब्लास्टिंगने गंज पार काढायचा. तेल नको, ओल नको. पुन्हा गंज धरायच्या आत प्रायमर लावायचा. कार्बन थेट पोलादाला टेकला तर ओलीत पोलाद लवकर गंजतं, म्हणून मध्ये ग्लास फायबरचा थर द्यायचा. शेवटी पट्टीवर टकटक करून पाहायचं. पोकळ आवाज आला, तर तिथे ती नीट चिकटलेली नाही. आणि पार सडलेल्या पुलाला हा उपाय नाहीच. तो बंदच करायला हवा.

म्हणून हालचाल आधी हवी, आणि ती आपण करू शकतो. आपल्या रोजच्या वाटेवरचा एक पूल निवडूया. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याचे फोटो काढूया. ग्रामपंचायत, महापालिका, रेल्वे, ज्यांचा पूल त्यांना लेखी कळवूया. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागूया. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी तो लोकांना समजावून सांगावा. 'धोकादायक' असा फलक दिसला, तर निमूट मागे फिरूया.

दुरुस्तीसाठी धडपडणारे अधिकारी आणि अभियंतेही आहेत. लोकांची मागणी असली, की त्यांचंही बळ वाढतं. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत उभे राहा आणि विचारा: आपला पूल शेवटचा कधी तपासला, आणि दुरुस्तीचे कोणते पर्याय पाहिले?