हळदीचा पिवळा मोबाइलवर ‘ओके’ करू नका

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या पाकिटावरचा पिवळा मात्र हिरवट छापून आला, की बोलणी खातो छापखानेवाला. दोष अनेकदा फाइलचा असतो. मोबाइल लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाई चार शाईंची. पडद्यावरची झळाळी कागदावर उतरतच नाही. त्यात पिवळ्यात निळ्या शाईचा अंश शिरला, की हळद कच्ची दिसते! म्हणून डिझायनरने छापखान्याकडून रंगांचे प्रोफाइल मागून घ्यावे आणि ‘पीडीएफ/एक्स’ प्रकारातच फाइल द्यावी. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांच्या खोक्यांचेही तेच. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’ला मी मंजुरी मानत नाही. पाकीट ज्या मालावर छापायचे, त्याच मालावरचा नमुना दिवसाउजेडी पाहून ग्राहकाने सही करावी.