एकटा पुढें कां?

२०१० सालच्या जुलै महिन्यांतील एक मध्यरात्र आमच्या चांगली स्मरणांत आहे. डर्बन येथें स्पेन व जर्मनी यांच्यामधील विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. दिवाणखान्यांत निम्मीं मुलें पेंगत होतीं. इतक्यांत आमच्या थोरल्या काकूंनीं विचारलें, "अरे, त्या बिचाऱ्याला एकट्यालाच पुढें कां रे धाडलें आहे? बाकीचे सगळे मधें गर्दी करून काय करताहेत?" प्रश्न मार्मिक होता आणि आम्हांला त्याचें धड उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा हा यत्न.

फुटबॉलच्या जुन्या मांडणींत दोन गडी मागें, तीन मधें आणि तब्बल पांच पुढें असत. त्या पांचांतून एकेक जण मागें ओढला गेला, असाच या खेळाच्या गेल्या शंभर वर्षांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. कारण साधें आहे. चार मागें, चार मधें व दोन पुढें अशी मांडणी केली तर मैदानाच्या ऐन मध्यावर दोघेच उरतात. प्रतिपक्षानें तेथें तिघे उभे केले कीं, त्यांतील एक नेहमींच मोकळा राहतो. हा एक मोकळा गडी हेंच या व्यूहाचें सारें भांडवल. त्याची किंमत मात्र पुढच्या एकट्याला मोजावी लागते. दोन बचावपटूंच्या कात्रींत सांपडून, गोलाकडे पाठ करून त्यानें चेंडू धरावयाचा आणि साथीदार येईपर्यंत दम काढावयाचा. ते वेळेवर न आले तर त्याचे हाल कुत्रा खात नाहीं!

काकूंच्या लक्षांत न आलेली गोष्ट ही कीं, त्या रात्रीं दोन्ही संघांनीं एकेकच पुढें धाडला होता. स्पेनचा दाव्हिद व्हिया, जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोजे. याच मांडणीनें जर्मनीनें इंग्लंडचा ४-१ व अर्जेंटिनाचा ४-० असा फडशा पाडला होता. चेंडू मिळतांच सर्वांनीं वाऱ्यासारखें पुढें धांवावयाचें, ही त्यांची रीत. क्लोजेच्या नांवावर तोंवर चार गोल होते. परंतु धांवावयाला आधीं चेंडू तर हवा! बुस्केट्स व शाबी अलोन्सो मागें, शावी, इनिएस्ता व पेद्रो त्यांच्या पुढें, अशा पांच जणांनीं तो आपसांतच फिरवत ठेवला. भरींत भर म्हणजे मुलर या जर्मनांच्या हुकमी खेळाडूला त्या सामन्यापुरती बंदी होती. क्लोजेची अवस्था खरोखर करुण झाली. ७३ व्या मिनिटाला शावीच्या कॉर्नरवर पुयोलनें डोक्यानें गोल केला, आणि तेवढ्यावर सामना संपला.

तेव्हां ही मांडणी भित्री कीं धीट, हा वाद आम्हांला पोकळ वाटतो. स्पेनचाच याच मांडणीनें पहिल्या सामन्यांत स्वित्झर्लंडकडून ०-१ असा पराभव झाला होता. स्विस मंडळींनीं आपल्या गोलापुढें भिंत उभी केली आणि स्पेनचे मधले सारे कसब तिच्यावर आपटून परतलें.

यानंतर प्रशिक्षक देल बोस्के यांनीं तोरेसला मधोमध घेऊन व्हियाला डावीकडे सरकवलें. तेथून त्यानें गोलांचा सपाटा लावला. उपांत्य सामन्यासाठीं तोरेसला वगळून व्हियाला पुन्हां मधें आणलें, तों त्याचे गोल बंद! त्या स्पर्धेंत व्हियाचे पांच गोल झाले. परंतु ज्या तीन सामन्यांत तो आरंभापासून मधोमध एकटा उभा होता, त्यांत एकही नाहीं. आम्ही त्याला दोष देणार नाहीं. तो इकडेतिकडे सरके, बचावपटू त्याच्यामागें ओढले जात, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत मागचे घुसत. हें काम धांवफलकावर दिसत नाहीं, इतकेंच.

खेळ कधीं कधीं कंटाळवाणा होई, हें कबूल केलें पाहिजे. सात सामन्यांत आठच गोल! इतक्या थोड्या गोलांवर विश्वविजेता झालेला दुसरा संघ नाहीं. हॉलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यांत १०६ व्या मिनिटाला व्हियाला बाहेर घेतलें. ११६ व्या मिनिटाला मधल्या फळींतील इनिएस्तानें गोल केला. आमच्या घरीं तेव्हां रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि काकू केव्हांच झोपीं गेल्या होत्या.